सतरा नंबरचा हुंग्या

दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी सतरा नंबरच्या हुंग्यानं पुन्हा बोंब ठोकली आणि प्रमिला कडूनं उरलेली अर्धी भाकरी डब्यात तशीच झाकून ठेवली. होळीनंतर हे खांब उभे राहिले, तेव्हापासून तिचं दुपारचं जेवण धड झालं असेल असे दिवस बोटांवर मोजता आले असते. खांबांवर नजर ठेवायच्या त्या हवाकक्षात ती एकटीच होती, त्यामुळे जे काय म्हणायचं ते तिनं मोठ्यानं म्हणून घेतलं.

"एकेचाळिसावी वेळ. मेल्या, एकदा तरी खरं बोल."

पडद्यावर नेहमीचीच लाल अक्षरं होती. खांब सतरा, वजन एकशे आठ, प्रमाण त्र्याहत्तर, मर्यादा पन्नास. लगतचे चार कारखाने आपोआप बंद करण्यात आले आहेत. तपास अधिकाऱ्याने साठ मिनिटांत स्रोत निश्चित करावा. तपास अधिकारी म्हणजे प्रमिला. बी.एस्सी. झालेली, सेहेचाळीस वर्षांची, खारवेली गावचीच लेक आणि आता गावातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्याला ताप.

खारवेली औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाभोवती असे चोवीस खांब होते. सरकारी कागदांवर त्यांचं नाव 'वायुवेध', पण गावानं पहिल्याच आठवड्यात त्यांचा हुंग्या करून टाकला होता. प्रत्येक खांबावर एक पेटी आणि पेटीत रेणू तोलण्याचा काटा. पूर्वी अशा यंत्राला अख्खी खोली लागायची, आता ते चपलांच्या खोक्यात मावत होतं. काम तसं सरळ होतं. हवेचा एक घोट आत ओढायचा, त्यातल्या रेणूंना विद्युतभार चिकटवायचा आणि निर्वात नळीतून सगळ्यांना एकाच धक्क्यानं पिटाळायचं. हलका रेणू आधी पोचतो, जड मागाहून पोचतो. पोचायला लागलेल्या वेळेवरून वजन कळतं आणि वजनावरून रेणू ओळखता येतो. वजनं सारखी असलेले दोन वेगळे रेणू असतात, मग तिथे शंका आली की यंत्र तो रेणू फोडून त्याचे तुकडेही तोलतं. तुकडे सहसा खोटं बोलत नाहीत. हे सगळं दर सहा सेकंदांनी, आणि एक लाख कोटी रेणूंत नको असलेले पन्नास असले तरी ते हेरून.

एकशे आठवाला होता ऑर्थो-टोल्युइडीन. रंग बनवणाऱ्या कारखान्यांतला रोजचा कच्चा माल. एक दिवस हुंगला म्हणून कुणी पडत नाही, पण वर्षानुवर्षं थोडा थोडा शरीरात जात राहिला तर मूत्राशयाचा कर्करोग होतो. म्हणून मर्यादा कडक आणि म्हणून कारखाने आपोआप बंद. कायदा चांगलाच होता. फक्त हा एकशे आठवाला येतो कुठून, ते एकेचाळीस वेळा शोधूनही सापडलेलं नव्हतं.

प्रमिलानं स्कूटर काढली. रंगद्रव्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी कामगार सावली धरून बसले होते. त्यांच्यातच तिचा थोरला भाऊ दामोदर होता, बॉयलरवर काम करणारा.

"पमे, घरी जाऊ का बसू? सांग एकदाचा," तो म्हणाला. "या महिन्यात एक पाळी पुरी झाली नाय माझी."

"बस, दादा. बघते."

"रोज बघतेस. दिसत तर काय नाय."

बाकीचे हसले. तिला राग आला, पण तो म्हणत होता ते खरंच होतं.

कारखान्याचे व्यवस्थापक देवस्थळी दारातच उभे होते. घाम पुसायचा रुमाल हातात तयार. "या बाई. कुठून सुरुवात? धुराडी, टाक्या, झडपा, की मला हुंगताय आज?"

तिनं हातातलं यंत्र धरून धुराडी पाहिली, टाक्या पाहिल्या, झडपा पाहिल्या. हातयंत्र म्हणजे त्याच हुंग्याचं धाकटं भावंड, मुठीत धरायचं. आकडा कुठेच पाचाच्या वर गेला नाही. मग तिनं तपासाचा फॉर्म उघडला. त्यात 'स्रोत' नावाचा एकच रकाना. त्यावर बोट ठेवलं की यादी उघडायची, यादीत वसाहतीतल्या त्रेसष्ट कारखान्यांची नावं आणि सगळ्यांत शेवटी 'खोटा इशारा'. पुण्याचे इंजिनिअर तीनदा येऊन पेटी उघडून गेले होते आणि पेटी ठणठणीत आहे म्हणाले होते. पेटी ठणठणीत आणि इशारा खोटा, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहायला सरकारला काही अडचण नव्हती. प्रमिलानं एकेचाळिसाव्यांदा शेवटच्या ओळीवर बोट ठेवून सही केली.

"बाई, किती दिवस हा खेळ?" देवस्थळी आता जरा नरमले. "तुमच्याकडे सूट द्यायचा अधिकार आहे ना? त्या एका खांबाला, त्या एका वजनापुरतं बहिरं करा. माझी माणसं जाच सोसतायत. तुमचा भाऊसुद्धा."

"विचार करते."

"करा. आणि उद्या तुमच्या भाचीची हळद आहे ना? दामोदरला सहा ड्रम दिलेत आमच्याकडून. घरचं कार्य आहे."

ही त्या कारखान्याची जुनी रीत. कामगाराच्या घरी लग्न निघालं की गोदामातून निळे ड्रम जायचे, रिकामे, जाड प्लास्टिकचे, शंभर वर्षं न फुटणारे. खारवेलीत नळाला एक दिवसाआड पाणी, तेही तासभर, त्यामुळे लग्नातला पितळी हंडा माळ्यावर जायचा आणि ड्रम मोरीत उभा राहायचा. ड्रम नाही असं घर गावात नव्हतं.

त्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी, ती माहेरी गेली तेव्हा ते सहा ड्रम अंगणात उन्हं खाऊन झालेले होते आणि तिची आई, चांगुणाबाई, ते पास करत होती. हा तिचा मान होता. ड्रम सोड्यानं धुवायचा, राखेनं घासायचा, तीन दिवस उन्हात पालथा घालायचा आणि मग चांगुणाबाईला बोलवायचं. अख्खी हयात मासळीच्या पाटीशी बसलेलं ते नाक, सकाळची कोलंबी आणि कालची कोलंबी लांबून ओळखायचं. ती ड्रमात डोकं घालायची, डोळे मिटायची आणि एक लांब श्वास घ्यायची. मग 'पास' किंवा 'अजून दोन ऊन'. गावानं तिच्या शब्दाबाहेर कधी ड्रम वापरला नव्हता.

"पास," सहाव्या ड्रमातून डोकं काढत ती म्हणाली. "बघ गो बाय, वीज नाय, खांब नाय."

"हो आये. तुझं नाक खांबावर बसवायला हवं होतं. मला दुपारी जेवता तरी आलं असतं."

चांगुणाबाई खूश झाली. दामोदर मात्र नवरीच्या बापाला शोभेल अशा चिंतेत होता. "पमे, उद्या दुपारी हुंग्या ओरडला तर वसाहतीचा भोंगा वाजंल. चारशे माणूस येनार. तन्वीच्या हळदीत भोंगा वाजला तर मी कुनाला तोंड दाखवू? तूच लिवतेस ना, खोटा म्हनून? मग बंद कर की त्याला."

ती दमली होती. रोजची ती स्कूटर, ती धुराडी, ते टोमणे, सगळ्याचा तिला वीट आला होता. तिनं तिथेच ओटीवर बसून फोनवर अर्ज उघडला, खांब सतरा, वजन एकशे आठ, सूट द्यावी, आणि सही करून टाकली. तेवढ्यानं तिला इतकं हलकं वाटलं की तिनं आईकडे चहा मागून घेतला.

रविवारी खरंच भोंगा वाजला नाही. दोन वाजले, सव्वादोन झाले, खांब गप्प. मांडवात गावातल्या बाया तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, कोकमाचं सरबत एका ड्रमात ढवळून झालं होतं आणि तन्वी मैत्रिणींच्या गराड्यात मेंदीचे हात सुकवत बसली होती. संध्याकाळी तिला हळद लागायची आणि आंघोळीचं पाणी पाचव्या ड्रमात काढून ठेवलेलं होतं. प्रमिला भरजरी साडी नेसून मिरवत होती. पिशवीत हातयंत्र होतं, कारण अधिकाऱ्यानं ते चोवीस तास जवळ बाळगावं असा नियम होता.

ते पिशवीतच थरथरलं.

तिला पहिल्यांदा संतापच आला. सूट खांबाला दिली होती, हातयंत्राला ती सोमवारी कार्यालयात जोडल्यावर कळणार होती. एकशे आठ, प्रमाण दोनशे दहा. "आता हेही बिघडलं," ती पुटपुटली आणि आवाज नको म्हणून मांडवाच्या टोकाला गेली. तिथे आकडा साठावर आला. ती परत भाकऱ्यांपाशी आली, आकडा तीनशेवर. तिनं पुन्हा दोन पावलं मागं घेतली, आकडा उतरला.

खांबाला चालता येत नव्हतं. तो एका जागी उभा राहून एवढंच सांगू शकत होता की हवेत काहीतरी आहे. कुठून, ते फक्त चालणाऱ्यालाच कळणार होतं, आणि ती नेहमी चालली होती ती धुराड्यांकडे.

ती आकडा वाढेल तिकडे जात राहिली. हळदीच्या ताटावरून गेली, आकडा हलला नाही. हळदीचा वास देणारा रेणू याच्या दुप्पट जड होता, त्याची इथे गल्लत होण्यासारखी नव्हती. भट्टीपाशी तोच प्रकार. मग ती ड्रमांपाशी पोचली. ऊन ड्रमांवर सरळ पडत होतं, प्लास्टिकला हात लावला तर चटका बसत होता. तिनं सरबताच्या ड्रमाचं झाकण उचललं आणि यंत्र आत धरलं. आकडा नऊ हजारांच्या पुढे गेला.

तिनं रेणू फोडण्याचं बटण दाबलं. एकशे आठाचे एक्याण्णव झाले, सतराचा तुकडा गळाला. टोल्युइडीन असाच फुटतो. तिनं दुसरा ड्रम उघडला, तिसरा उघडला, सहाही उघडले. हे जाड प्लास्टिक वर्षभर पोटात ठेवलेला माल स्वतःत मुरवून घेतं. सोडा आणि राख वरवरचं धुतात. तापलं की मुरलेलं हळूहळू बाहेर येतं, थोडं हवेत आणि थोडं पाण्यात. माणसाच्या नाकाला वास यायला याच्या कित्येक पट माल लागतो, मग ते नाक चांगुणाबाईचं का असेना.

"दादा," ती म्हणाली, "हे पाणी वापरायचं नाही. सरबतही नाही. कोणी पिऊ नका."

दामोदरला आधी थट्टा वाटली. मग तिच्या हातातलं यंत्र दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला. "पमे, आज नको."

"ड्रममध्ये कारखान्याचं रसायन मुरलंय. कर्करोग होतो त्यानं."

"सकालपासून पन्नास मानसांनी पिला. कोन पडला का?"

कोणी पडलं नव्हतं. आज कोणी पडणारही नव्हतं. एखादा आडवा झाला असता तर निदान पटलं तरी असतं, असा एक वाईट विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच चीड आली. या विषाचं हेच तर होतं. ते वीस वर्षांनी हिशेब मागणार होतं आणि तोवर कुणाला आजचं सरबत आठवणार नव्हतं.

बाया थापायच्या थांबल्या. चांगुणाबाई आतून आली. "काय झाला गो?"

"आये, ड्रम खराब आहेत."

"मी पास केलेत." तिनं लेकीकडे असं पाहिलं की प्रमिलाला तिथून निघून जावंसं वाटलं. "चारशे मानसांत सांगतेस, आयेचा नाक खोटा?"

"खोटं नाही. कुणाच्याच नाकाला हे कळत नाही."

"तुझ्या यंत्राला कलतंय?" दामोदर आता मोठ्यानं बोलायला लागला. "एकेचालीस वेला हे यंत्र बोंबलला. एकेचालीस वेला तू सोता लिवलास, खोटा इशारा. सही केलीस. आमी घरी बसलो. आता म्हनतेस, पानी ओत. कुठल्या पमावर विश्वास ठेवू? कालच्या का आजच्या?"

तिनं पदर खोचला, सरबताच्या ड्रमाला खांदा लावला आणि तो आडवा केला. लाल पाणी मांडवभर झालं. लग्नघरात भरलेलं भांडं लवंडायचं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. कोणीतरी हाय हाय केलं. तन्वी उठून उभी राहिली आणि रडायला लागली. प्रमिलानं पाचवा ड्रमही लवंडला.

"मी खोटं लिहिलं असेन," ती धापा टाकत म्हणाली. "'खोटा इशारा' हे मी लिहिलं. यंत्रानं नाही."

दामोदरनं तिचा दंड पकडला. तो इतका चिडला होता की त्याचा आवाजच खाली गेला. "मग सगलाच ओत ना. ये. मोरीतला जुना ड्रमपन बघ. चार वर्सं त्याच पान्यावर भात शिजतोय. दाखव तुझा आकडा, आन मग त्यातपन विष हाय म्हन."

तो तिला हात धरून मागच्या मोरीकडे घेऊन गेला. तिला हरवायलाच घेऊन गेला. तिनं झाकण काढलं आणि यंत्र आत धरलं. दोघांनीही आकडा एकदमच वाचला. दोन हजार चारशे.

तिनं मागचं दार उघडलं, कुंपणापलीकडच्या घराच्या मोरीशी यंत्र धरलं, त्याच्या पलीकडच्या घराशी धरलं. मग ती वळून उभी राहिली आणि दुपारचा वारा तिच्या पाठीवर आला, खाडीकडून आलेला, गावावरून वाहत कुंपणाकडे जाणारा. रोज दोनच्या सुमाराला तो असाच फिरायचा. वाऱ्याच्या वाटेवर, गाव संपून वसाहत सुरू होते तिथेच, सतरा नंबरचा खांब उभा होता. तो कारखान्यांना हुंगत नव्हताच. रोज दुपारी ड्रम तापले की तो गावाला हुंगत होता. फॉर्मवर त्रेसष्ट कारखाने होते आणि गावाचं नाव नव्हतं, म्हणून तिनं गावाकडे कधी पाहिलं नव्हतं. एकेचाळीसच्या एकेचाळीस इशारे खरे होते.

तिनं तिथूनच फोनवर सूट रद्द केली. चार मिनिटांत भोंगा वाजला आणि पाचव्या मिनिटाला देवस्थळींचा फोन आला.

"बाई, सूट दिली होतीत ना?"

"काढली. स्रोत सापडला. तुमचे रिकामे ड्रम. गावात घराघरात आहेत."

देवस्थळींना चक्क बरं वाटलं. "म्हणजे आमची धुराडी स्वच्छच होती. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

"धुराडी स्वच्छ होती," प्रमिला म्हणाली. "ते लिहीन. आता पिण्याच्या पाण्याचे टँकर पाठवा, आत्ता, नाहीतर ड्रम कोणाच्या गोदामातून गेले तेही आजच लिहीन." तिनं फोन ठेवला. याहून जास्त बोलली असती तर तिच्या तोंडून शिवी गेली असती.

चांगुणाबाई मोरीच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती ड्रमापाशी आली, सवयीनं त्यात डोकं घातलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. मग डोकं बाहेर काढलं.

"काय येत नाय," ती म्हणाली. "नुसता पानी."

"मला माहीत आहे, आये."

"बाय, लघवीतून रक्त येतं, ते यानंच काय?"

"कुणाच्या? तुझ्या? कधीपासून?"

"झाली दोन वर्सं. मधी मधी. तुमाला कशाला सांगायचा." तिनं हाताने तो विषय बाजूला सारला. "माझा मागाहून बघ. गावात किती ड्रम हायेत, तुझ्या कागदावर हाय?"

"नाही. शोधावे लागतील. घरोघर फिरून. कोणी दारात तरी उभं करेल की नाही, कोण जाणे."

"तुला नाय करनार," चांगुणाबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "मना ठाव हायेत. मी पास केलेला एकएक ड्रम मना ठाव हाय. कुनाच्या लग्नातला, कुनाच्या मोरीतला. चल."

"आये, आधी दवाखाना."

"आज रविवार. दवाखाना उद्या."

प्रमिलानं दामोदरकडे पाहिलं. तो मोरीतला ड्रम एकटाच आडवा करत होता आणि वर बघत नव्हता. पाणी त्याच्या नव्या धोतरावर आलं तरी तो बाजूला झाला नाही.

शेजारचं घर हिराबाईचं. ती भाकऱ्या थापायच्या सोडून घरी आली होती, दारात कमरेवर हात ठेवून उभी. मांडवातला तमाशा तिनं पाहिला होता आणि तिला तो मुळीच आवडला नव्हता.

"हिराबाय, मोरीतला ड्रम ओत," चांगुणाबाई म्हणाली.

"पमाच्या हुंग्यानं सांगितला वाटतं?" हिराबाईनं प्रमिलाकडे पाहिलंही नाही. "भोंगा वाजतोय, कारखानं बंद, पोरीची हळद नासली. अजून काय करायचा बाकी ठेवलाय या यंत्रानं?"

"यंत्राचा सोड. तुझ्या ड्रमात डोका कोनी घातलेला?"

"तूच की."

"काय बोलले मी?"

"पास."

चांगुणाबाईनं उंबऱ्याला हात टेकला. इतक्या वर्षांत तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं.

"मना वास आला नव्हता, हिरे," ती म्हणाली. "आतापन येत नाय. तरी ओत."